गाडीतली शेगडी

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘निवृत्तीनंतरची भटकंती’ असं छापलंय. संयोजकांनी बजावलं होतं, तळी दाखव, डोंगर दाखव आणि वेळेत आटप. पण फोटो तुम्ही सगळ्यांनी आपल्या ग्रुपवर बघितलेत. त्यावर अंगठेही दाखवून झालेत. म्हणून मी आज फोटो आणले नाहीत. मी बोलणार आहे त्या गाडीतल्या एका डब्याबद्दल. साधारण चपलांच्या खोक्याएवढा डबा. डिझेलवर चालणारा हीटर.

हा विषय का? तर गेल्या चार महिन्यांत आपल्या तुकडीतल्या तिघांनी मला फोन केले. तिघांनीही जुनी गाडी घेऊन तिचं फिरतं घर करायला घेतलंय आणि तिघांनीही हा हीटर मागवलाय. दोघांचा तर घरी येऊन पडलाय. तिघांचा प्रश्न एकच, ‘अरे, तू बसवलास ना, मग अवघड नसणार.’ हे वाक्य ऐकून मला एकदा हसू आलं आणि नंतर झोप लागली नाही. कारण या हीटरची एक गोष्ट मी ग्रुपवर टाकलेली नाही. ती फक्त दोघांना माहीत आहे. एक मी, आणि दुसरी आमची ही, जी आपल्याच वर्गात मुलींच्या पहिल्या बाकावर बसायची आणि आत्ता समोर बसून ‘आता तरी सांगा’ अशा नजरेने बघतेय.

आधी गाडीबद्दल थोडक्यात. एस.टी.च्या कार्यशाळेत छत्तीस वर्षं डिझेलमध्ये हात काळे करून २०२१ मध्ये मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी एका शाळेची जुनी तेरा सीटची डिझेल गाडी विकत घेतली. रंग पिवळाच ठेवला. सीट काढल्या, पलंग केला, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली. आरटीओत नकाशे देऊन, तपासणी करून, आर.सी.वर बदलाची नोंद करून घेतली. त्याला बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला, ही माहितीही त्या तिघांनी लिहून घ्यावी.

आपल्या भागात फिरायचं तर हीटरची काही गरज नाही. जानेवारीतल्या थंडीला गोधडी पुरते. पण आम्हाला जायचं होतं लडाखला, तेही गर्दी ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी. तेव्हा तिथे रात्री पारा शून्याच्या खाली जातो. गाडी म्हणजे शेवटी पत्रा. बाहेर उणे सात असेल तर पहाटेपर्यंत आतही जवळपास तेच.

मग ऊब आणायची कशी? इंजिन चालू ठेवून झोपणं हा मूर्खपणा. गॅसची शेगडी पेटवून ठेवणं हा त्याहून मोठा. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. ते सगळं बंद गाडीत पत्र्यावर जमतं आणि पहाटे पलंगावर ठिबकतं. पण ओल हे छोटं दुखणं. मोठं दुखणं असं की शेगडी तुमच्याच श्वासाची हवा खाते आणि तिचा धूरही तिथेच सोडते. दर हिवाळ्यात उत्तरेकडून बातमी येते, खोलीत कोळशाची शेगडी ठेवून, दार लावून कुटुंब झोपलं आणि सकाळी उठलंच नाही. ती बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो.

डिझेल हीटरचं सगळं शहाणपण इथेच आहे. त्या डब्यात हवेच्या दोन वाटा असतात आणि त्या एकमेकींना कधीही भेटत नाहीत.

पहिली वाट जळण्याची. गाडीखालून एका नळीने बाहेरची हवा डब्यात येते. एक छोटा पंप टिक-टिक करत थेंबाथेंबाने डिझेल देतो. हीटर प्लग लाल होतो, डिझेल पेटतं, आणि धूर दुसऱ्या नळीने परत गाडीखाली, बाहेर जातो. दुसरी वाट आपली. पंखा गाडीतली गार हवा ओढतो, ती ॲल्युमिनियमच्या पंखदार नळकांड्याभोवतून फिरते आणि गरम होऊन परत गाडीत येते. आग नळकांड्याच्या आत, आपली हवा नळकांड्याच्या बाहेर. मध्ये धातूची भिंत. उष्णता भिंत ओलांडते, धूर ओलांडत नाही. ज्यांनी चुलीला धुराडं लावलेलं घर बघितलंय, त्यांना हे चटकन कळेल.

जर्मनीत वेबास्टो आणि एबरस्पेखर या कंपन्या असे हीटर बनवतात. ट्रकवाले रात्री गाडीत झोपताना इंजिन बंद ठेवून ते वापरतात. आता त्याच धर्तीचे स्वस्त चिनी हीटरही मिळतात. माझा तसाच आहे. दोन किलोवॅटचा, म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या गीझरएवढ्या ताकदीचा. आमच्या गाडीला तेवढा पुरतो. ‘होऊ दे खर्च’ म्हणून पाच किलोवॅटचा घेऊ नका. मोठा हीटर सतत मंद आचेवर चालवला की आत काजळी धरते. मोठ्या चुलीवर कपभर चहा करण्यासारखं आहे ते.

खर्चाचं म्हणाल तर रात्रभरात साधारण एक ते दीड लिटर डिझेल. बॅटरीतून सुरुवातीची काही मिनिटं हीटर प्लगसाठी आठ-दहा अँपिअर जातात, नंतर एक-दोन अँपिअरवर काम चालतं. त्यामुळे वायर जाड घ्या, फ्यूज घाला, आणि जोड थेट गाडीतल्या घरगुती बॅटरीवर द्या. वायर बारीक असली की प्लग तापत नाही, आणि लोक हीटरला शिव्या देतात.

आता बसवण्याबद्दल. त्या तिघांनी कागद-पेन काढलेलं दिसतंय, छान.

जागा निवडताना आधी गाडीखाली झोपा. वर पलंगाखाली जागा सोयीची दिसते, पण खाली नेमका चेसिसचा आडवा पट्टा, ब्रेकचा पाइप किंवा डिझेलची टाकी असते. धुराची नळी लालबुंद नसली तरी चटका देण्याइतकी नक्कीच तापते. टायर, ब्रेकचा पाइप, डिझेलची नळी, वायरिंग यांच्यापासून तिला लांब ठेवा आणि वरून उष्णतारोधक पट्टी गुंडाळा.

हीटर जमिनीवर बसतो तिथे खाली पोलादी पट्टी आणि मध्ये पॅकिंग. त्याच्या खालच्या तोट्या जमिनीतून आरपार बाहेर गेल्या पाहिजेत. धुराच्या नळीचा एकही जोड गाडीच्या आत नको. डिझेलच्या नळीचाही नको.

धुराची नळी उताराने न्या. थंड झाल्यावर तिच्यात पाणी साचतं. सगळ्यात खोलगट जागी पाणी निथळायला बारीक छिद्र हवं. धुराचं तोंड खिडकी-दाराखाली नको, आणि हवा घेणाऱ्या नळीच्या शेजारी तर अजिबात नको. आपलाच धूर परत खाल्ला की हीटर गुदमरतो.

डिझेलचा पंप आडवा लावू नका. त्याचं बाहेर देणारं टोक वर करून तिरका लावा, म्हणजे बुडबुडे पुढे निघून जातात. नळी बारीक भोकाची आणि कडक हवी. जोडताना दोन्ही टोकं रबरी नळीच्या आत एकमेकांना भिडवा. मध्ये फट राहिली की तिथे बुडबुडा साठतो आणि ज्योत फडफडते. आणि टाकीत सोडलेली नळी तळापर्यंत नेऊ नका. नाहीतर रात्रभर उबेत झोपाल आणि सकाळी गाडी चालू करायला डिझेल उरणार नाही.

वापरताना तीन सवयी लावून घ्या. बंद करायचा तर बटणानेच करा, बॅटरीची मेन वायर काढून नाही. बटण दाबल्यावर पंखा तीन-चार मिनिटं चालू राहतो, आतली आग थंड करतो. ते त्याचं काम पुरं होऊ द्या. दुसरं, रोज झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवून मग बंद करा, काजळी जळून जाते. तिसरं, घरी आल्यावरही महिन्यातून एकदा चालवा. मे महिन्यात बायको रागावेल, रागावू दे.

आणि थंड मुलखात डिझेल तिथलंच भरा. आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण कडक थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरपासून लडाखसाठी खास हिवाळी डिझेल द्यायला सुरुवात केली. ते उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही.

इथपर्यंत सगळं मला येत होतं. मी स्वतः बसवला, चार दिवसांत. दोन रात्री अंगणात चालवून बघितला. उकडून आम्ही बाहेर येऊन बसलो. शेजारीपाजारी बघायला आले. मी प्रत्येकाला ‘दोन वाटा, कधी भेटत नाहीत’ हे समजावून सांगितलं.

आता ती रात्र.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, २०२३. पँगाँग तळ्याच्या बाजूचं एक गाव. उंची साधारण चार हजार दोनशे मीटर. एका घराच्या आवारात, मालकाला विचारून, दगडी भिंतीच्या आडोशाला गाडी लावली. वारा इतका होता की गाडीच्या खालून शिट्ट्या वाजत होत्या. म्हणून मी वाऱ्याच्या बाजूने गाडीच्या पायथ्याला ताडपत्री बांधली. खूश झालो. केवढी अक्कल लढवली!

दुपारपासून दोघांचं डोकं जड होतं. लेहला दोन दिवस मुक्काम करून आलो होतो, तरी एवढ्या उंचीवर होतंच, असं सगळे सांगत होते. दुपारी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर हिचा आकडा ८६. रात्री जेवून, हीटर लावून तासाभराने परत बघितलं, तर ९१. मी म्हटलं, ‘बघ, मानवली की तुला हवा.’ पण ही म्हणाली, ‘मला तर दुपारपेक्षा जास्त गरगरतंय.’ मी म्हटलं, ‘आकडा बघ ना.’

मध्यरात्रीनंतर ही बाहेर जाऊन आली. तोंड धुऊन, पाच-दहा मिनिटं भिंतीपाशी बसून आली. म्हणाली, ‘बाहेर डोकं उतरलं.’ आत येऊन झोपली. पाऊण तासात ओकारी आली म्हणून परत बाहेर. पुन्हा तेच, बाहेर बरं वाटलं. दाराशी उभी राहून तिने मला हाक मारली. मी जागा होतो, पण उठावंसं वाटत नव्हतं. पाय आपले नाहीतच असं वाटत होतं. मी पांघरुणातूनच म्हणालो, ‘विरळ हवेचं आहे गं, झोप.’

तेव्हा ती जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. ती म्हणाली, ‘अहो, बाहेरची हवा आणि आतली हवा एकाच उंचीवर आहे ना? मग विरळपणा आतच कसा?’

छत्तीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला जे सुचलं नाही, ते तिला सुचलं. विरळ हवेचा त्रास दाराबाहेर पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांत जात नाही. जो त्रास दाराच्या आत असतो आणि बाहेर नसतो, तो हवेतल्या कशाचा तरी असतो.

तिचा पुढचा प्रश्न होता, ‘तो अलार्म कुठे आहे?’

हे सांगायला मला लाज वाटते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी घेतला होता. उशाशी लावलाही होता. पण दोन दिवसांपूर्वी ही खिडक्या लावून मोठ्या पातेल्यात खिचडी करत असताना तो कोकलायला लागला. मी म्हटलं, फोडणीच्या वासाला वाजतंय हे खुळं. त्याचे सेल काढले आणि टॉर्चला घातले. अलार्म चमच्यांच्या खणात.

अंधारात टॉर्च उघडून, सेल काढून अलार्मला घातले. हात थरथरत होते. दोन-तीन मिनिटांत तो असा किंचाळला की मालकाच्या घरात दिवा लागला. हीटरचं बटण दाबलं, दारं उघडी टाकली आणि आम्ही रजया घेऊन बाहेर पडलो. त्या घरातल्या आजींनी काही न विचारता आम्हाला आत घेतलं. मध्ये बुखारी पेटलेली, तिचं धुराडं छपरातून बाहेर गेलेलं. मी त्या धुराड्याकडे बघत बसलो. दोन वाटा. त्यांच्या घरात त्या भेटत नव्हत्या.

सकाळी त्यांच्या मुलाने आम्हाला त्याच्या गाडीतून खालच्या गावातल्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला. आकडा वाढून ९१ झाल्याचं मी कौतुकाने सांगितलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा विषारी वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. म्हणजे मी जो आकडा बघून खूश होत होतो, तो वाढला होता विषामुळे.

दोन दिवसांनी अंगात बळ आल्यावर गाडीखाली शिरलो. काय घडलं होतं ते अर्ध्या तासात समजलं.

खडबडीत रस्त्यांनी धुराच्या नळीची क्लिप ढिली झाली होती. नळी तोटीवरून अर्धी उतरली होती. ती क्लिप मीच आवळली होती, आणि निघाल्यापासून एकदाही परत तपासली नव्हती. जमिनीतल्या पोलादी पट्टीखाली मी योग्य पॅकिंगऐवजी घरातला रबराचा तुकडा घातला होता. तो उष्णतेने करपून आक्रसला होता, फट पडली होती. ताडपत्रीने खालचा वारा अडल्यामुळे धूर गाडीखालीच कोंडला. आणि हीटर आपली गार हवा ओढतो ते तोंड नेमकं त्या फटीच्या वर होतं. म्हणजे मी धूर गाडीखाली साठवून, फटीतून वर आणून, पंख्याने तिच्या उशापर्यंत पोचवण्याची व्यवस्थित सोय केली होती.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नीट जळणाऱ्या ज्योतीच्या धुरात हा वायू कमी असतो. माझी ज्योत नीट जळत नव्हती. सव्वाचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो. पंखा तेवढेच फेरे मारतो, पण प्रत्येक फेऱ्यात प्राणवायू कमी येतो. डिझेलचा पंप मात्र तेवढंच डिझेल देत राहतो. डिझेल जास्त, हवा कमी. अर्धवट जळण, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. उंचीवर गेल्यावर पंपाचे ठोके कमी आणि पंख्याचा वेग जास्त करावा लागतो. काही हीटर उंची ओळखून ते आपोआप करतात, माझ्यात ते हाताने करायचं होतं. मला माहीत होतं. ‘उद्या करू’ म्हणून राहिलं. धुराच्या तोंडाशी बोट फिरवलं तर बोट काळंकुट्ट.

ते काळं बोट बघून मला आपली प्रयोगशाळा आठवली. सर, आपण समोर बसला आहात म्हणून सांगतो. नववीत आपण बर्नर पेटवून त्याचं खालचं भोक हाताने बंद केलं होतं. निळी ज्योत पिवळी झाली. त्यावर आपण परीक्षानळी धरली आणि तिचा बुडखा काळा झाला. आपण विचारलं होतं, ‘काय कमी पडलं?’ मी हात वर केला नव्हता. मुलींच्या पहिल्या बाकावरून उत्तर आलं होतं, ‘हवा, सर.’ चाळीसहून अधिक वर्षांनी त्याच बाकावरून तेच उत्तर आलं. या वेळी ते ऐकायला मला अर्धी रात्र लागली.

आणि ती खिचडी! अलार्म फोडणीला वाजलाच नव्हता. विरळ हवेत, बंद खिडक्यांत, मोठ्या पातेल्याखाली गॅसची ज्योत पिवळी झाली होती. तो तेव्हाही खरंच बोलत होता. त्याचं बोलणं आवडलं नाही म्हणून मी त्याचे सेल काढले.

परत आल्यावर मी सगळं नव्याने केलं. धुराच्या नळीला दोन क्लिप. पोलादी पट्टीखाली उष्णता सोसणारं पॅकिंग आणि कडेने सील. हवा ओढणारं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं. वाटेत रोज सकाळी दात घासायच्या आधी गाडीखाली वाकून क्लिपला हात लावतो. ताडपत्री बांधणं कायमचं बंद. झोपताना एक छोटी खिडकी बोटभर उघडी. आणि अलार्म दोन, एक उशाशी आणि एक हीटरच्या बाजूला, दोन्ही गाडी-बोटींसाठी बनवलेल्या जातीचे. त्यांच्या सेलला हात लावायचा अधिकार आता माझ्याकडे नाही. तो पहिल्या बाकाकडे आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही परत त्याच गावी गेलो, त्या आजींना भेटलो, आणि त्यांच्याच आवारात चार रात्री हीटर लावून झोपलो. छान झोप लागली. तेव्हा घाबरून हीटर परत करू नका. तो चांगला आहे. फार चांगला आहे.

पण त्या तिघांना माझी हात जोडून विनंती आहे. मला वाटत होतं, मी डिझेलचा माणूस, मला कळेल. नाही कळत. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो आधी डोक्यातच शिरतो. ज्या डोक्याने संकट ओळखायचं, तेच डोकं तो पहिल्यांदा बंद करतो. आणि उंचीवर त्याची लक्षणं अगदी विरळ हवेसारखीच असतात, डोकेदुखी, मळमळ, गळाठा. म्हणून आपल्या अनुभवावर, नाकावर, ऑक्सिमीटरवर विसंबू नका. अलार्म आधी बसवा, हीटर नंतर. अलार्म वाजला तर वाद घालू नका, बाहेर पडा, मग विचार करा. आणि सोबतचं माणूस म्हणालं की ‘बाहेर बरं वाटतं’, तर पांघरुणातून उत्तर देऊ नका. उठा.

तुमची गाडी तयार झाली की शेवटची क्लिप आवळायच्या आधी मला बोलवा. मी माझे पाने घेऊन येईन, गाडीखाली झोपीन आणि प्रत्येक जोड बघीन. वय झालंय, उठताना कुणीतरी हात द्या म्हणजे झालं. मजुरी म्हणून जेवण चालेल. आणि हिला सोबत आणीन, कारण खरी तपासणी तीच करते.

सर, बाई, तुम्ही आम्हाला जे शिकवलं ते आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं असं तुम्हाला कधी वाटलं असेल तर ते खरं आहे. निदान माझ्या बाबतीत. पण वर्गातल्या एकीने ते समजून घेतलं होतं, म्हणून आज मी इथे उभा राहून बोलतोय.